झाडातून जाणारी मोटार

आमच्या घरात एक गोष्ट अशी होती, जिच्यावर कुणी कधी शंका घेतली नाही. माझे नाना अमेरिकेत एका झाडाच्या पोटातून मोटारीत बसून गेले होते.

नाना बोटीवर होते. कोकणातल्या आमच्या मुसलमान वस्त्यांत 'बोटीवर आहे' एवढं सांगितलं की पुढचं कुणी विचारत नाही. मुंबईहून मालवाहू बोटीत चढायचं, इंजिनरूमच्या उकाड्यात वर्ष-दीड वर्ष काढायचं, मग रजेवर गावी यायचं. मधल्या काळात घरी पैसे येत आणि कधीतरी एखादं रंगीत पोस्टकार्ड. त्यातलं एक कार्ड नानीनं काचेच्या चौकटीत बसवून घेतलं होतं. मक्का-मदिनेच्या तसबिरीखाली ते टांगलेलं असे. प्रचंड मोठं झाड, बुंध्यात आरपार बोगदा आणि बोगद्यातून बाहेर येणारी मोटार. मोटारीत बसलेल्यांचे चेहरे दिसत नव्हते. त्यामुळे त्यातले एक माझे नाना आहेत असं समजायला आम्हा नातवंडांना काहीच अडचण नव्हती.

बारा वर्षांपूर्वी नानीचं निधन झालं. घर आवरताना चौकट खाली काढली, कार्ड सोडवलं आणि मी पहिल्यांदा त्याची मागची बाजू पाहिली. शिक्का सॅन फ्रान्सिस्कोचा, साल १९६६. पत्ता बोटीवरच्या कुणा बाबूनं इंग्रजीत घातलेला. मजकूर नानांच्या हातचा, उर्दूत, अवघ्या चार ओळी. मी खुशाल आहे. पैसे पाठवलेत, मिळाले की कळवा. पावसाआधी घर शाकारून घ्या. मुलीची शाळा बंद करू नका.

झाडाबद्दल एक अक्षर नव्हतं.

माझा छंद तिथून सुरू झाला. आधी फक्त त्या झाडाची माहिती हवी होती. मग तसंच दुसरं कार्ड मुंबईच्या चोरबाजारात मिळालं. मग भाच्यानं अमेरिकेतल्या जुन्या बाजारातून आणखी काही पाठवली. आता माझ्याकडे अमेरिकेतल्या राष्ट्रीय उद्यानांची आणि तिथल्या राज्यांच्या उद्यानांची दोनशेच्या वर जुनी कार्डं आहेत. बहुतेक शंभर-दोनशे रुपयांतली. शिक्षकाच्या पगारात बसतील अशी.

शाळेतले सहकारी विचारतात, "सर, नाणी जमवा, तिकिटं जमवा. ज्या देशात कधी पाऊल ठेवलं नाही, तिथल्या जंगलांची कार्डं कशाला?" प्रश्न रास्त आहे. मीही तो स्वतःला बरीच वर्षं विचारला नव्हता. त्याचं उत्तर देण्यासाठीच हे लिहितो आहे.

आधी झाडाबद्दल. ते वावोना ट्री. कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीमधल्या मॅरिपोसा ग्रोव्ह या वनात ते उभं होतं. जायंट सिक्वोया जातीचं, वय सुमारे २१०० वर्षं. १८६४ साली राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या सहीनं योसेमिटीचं खोरं आणि हे वन जपण्यासाठी कॅलिफोर्निया राज्याच्या हवाली झालं होतं. म्हणजे आधी ते राज्याकडे होतं. १८९० मध्ये भोवतीचा प्रदेश राष्ट्रीय उद्यान झाला आणि १९०६ मध्ये खोरं व हे वनही केंद्राकडे गेलं. झाडात बोगदा कोरला तो १८८१ साली, म्हणजे हे वन जपायचं ठरल्यावर सतरा वर्षांनी. हेतू एकच, पाहुण्यांच्या घोडागाड्या त्यातून जाव्यात आणि पाहुणे आणखी यावेत. पुढे घोडागाड्यांच्या जागी मोटारी आल्या. प्रत्येक गाडी आत थांबायची, फोटो निघायचा, कार्डं छापली जायची. १९६९ च्या हिवाळ्यात फांद्यांवर साचलेल्या बर्फाच्या भारानं झाड कोसळलं. नानांचं कार्ड त्याच्या तीन वर्षं आधीचं.

जुनं कार्ड हातात आलं की त्याचं वय काढता येतं, हे मला नंतर कळलं. या छंदातला सगळ्यात गमतीचा भाग तोच. अमेरिकेत खासगी छापखान्यांना एका सेंटच्या तिकिटावर जाणारी कार्डं काढायची मुभा मिळाली ती १८९८ च्या कायद्यानं. १९०७ च्या मार्चपर्यंत मागच्या बाजूवर फक्त पत्ता लिहायचा नियम होता. मजकूर लिहायचा तर चित्राच्या कडेला, उरलेल्या जागेत. त्यामुळे मागे मधोमध उभी रेघ नसलेलं कार्ड दिसलं की ते बहुधा १९०७ च्या आधीचं. साधारण १९१५ ते १९३० ची कार्डं पांढऱ्या किनारीची. त्यानंतरची कापडासारख्या खरखरीत पोताची, भडक रंगांची. त्यांना 'लिनन' म्हणतात, पण असतो तो कागदच. नानांचं कार्ड त्यानंतरच्या पिढीतलं, गुळगुळीत, चकचकीत, रंगीत फोटोचं.

लिनन कार्डांत शिकागोच्या कर्ट टाइक कंपनीचं नाव मोठं. ही कंपनी १८९८ ते १९७८ अशी ऐंशी वर्षं चालली. तिच्या कार्डांवर बारीक अक्षरांत एक क्रमांक असतो. त्यात आकड्यापुढे ए असेल तर १९३० चं दशक, बी असेल तर १९४० चं, सी असेल तर १९५० चं. '५ ए' म्हणजे १९३५, '२ बी' म्हणजे १९४२. माझ्या वर्गातली पोरं हे एका तासात शिकली आणि मग मधल्या सुट्टीत माझ्यासमोर कार्डं धरून सालं ओळखत बसली.

आता रंगांबद्दल. मला वाटायचं, चित्रातलं आकाश जसं आहे तसं तिथलं आकाश असणार. मग डेट्रॉइट फोटोग्राफिक कंपनीबद्दल वाचलं. या कंपनीनं १८९० च्या दशकाच्या अखेरीस 'फोटोक्रोम' या स्विस पद्धतीचे अमेरिकेतले हक्क घेतले. विल्यम हेन्री जॅक्सन हा छायाचित्रकार आपल्या हजारो निगेटिव्ह घेऊन तिच्यात आला. यलोस्टोनचे १८७१ च्या सरकारी पाहणीतले फोटो याच जॅक्सनचे. पुढल्या वर्षी, १ मार्च १८७२ ला, यलोस्टोनचा कायदा झाला, त्यात त्या फोटोंचाही वाटा होता. पण निगेटिव्ह काळी-पांढरीच होती. रंग छापखान्यात चढायचे, एकेका रंगाला एकेक दगड. सूर्यास्ताची लाली किती ठेवायची, गवत किती हिरवं करायचं, हे छापखान्यात ठरायचं. लिननच्या काळात तर चित्रातले तारेचे खांब, नको असलेल्या पाट्या, मध्ये आलेली माणसं सर्रास पुसली जायची. ऑर्डर देणारा दुकानदार सांगायचा तसं.

इथे थांबून मी माझं मत मांडतो. ही कार्डं खोटी आहेत म्हणून टाकाऊ, असं मी म्हणत नाही. उलट, ती मला फार आवडतात. पण ती कशी तयार झाली हे न विचारता ती जमवणं म्हणजे नुसती चित्रं जमवणं. कार्डात काय दाखवलंय याच्याइतकंच काय पुसलंय हेही पाहायला हवं. हे मला कुणा जाणकार संग्राहकानं शिकवलं नाही, सातवीच्या वर्गानं शिकवलं.

मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. मराठीच्या पेपरात चित्रवर्णन असतं, हे तुम्हाला ठाऊक असेलच. एकदा त्यासाठी मी नानांच्या कार्डाची मोठी रंगीत झेरॉक्स काढून फळ्यावर लावली. पोरांनी नेहमीसारखी वाक्यं लिहिली. हे जंगलाचे चित्र आहे. चित्रात एक मोटार आहे. झाड खूप मोठे आहे. मग एका मुलानं विचारलं, "सर, भोक कुणी पाडलं? तो माणूस चित्रात नाही." मी १८८१ ची हकिकत सांगितली. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी म्हणाली, "आणि त्याच्या आधी तिथे कोण राहत होतं?"

मला सांगता आलं नाही. पाच वर्षं मी ती कार्डं जमवत होतो. कागदाचा पोत, शाई, सालं, सगळं मला पाठ होतं. हा प्रश्न मला सुचलाच नव्हता.

त्या रात्रीपासून मी वाचायला लागलो. योसेमिटीच्या खोऱ्यात अहवानीची लोक राहत होते. १८५१ साली, सोन्याच्या शोधात आलेल्यांच्या लाटेमागोमाग, मॅरिपोसा बटालियन नावाची फौज खोऱ्यात शिरली. तिनं त्यांच्या वस्त्या आणि साठवलेलं धान्य जाळलं आणि लोकांना हुसकावलं. काही जण परत आले. ज्या खोऱ्यात ते मालक होते तिथेच हॉटेलांत कामं करू लागले, टोपल्या विणून पाहुण्यांना विकू लागले. १९१६ ते १९२९ या काळात उद्यानात 'इंडियन फील्ड डेज' नावाचा मेळा भरत असे. तिथे त्यांनी दूरच्या मैदानी प्रदेशातल्या जमातींसारखा पोशाख करून यावं अशी अपेक्षा असायची, कारण पाहुण्यांच्या मनातला 'इंडियन' तसा होता. आपल्याच घरात दुसऱ्याचे कपडे घालून उभं राहायचं. खोऱ्यातली त्यांची शेवटची वस्ती उद्यानाच्या प्रशासनानं पाडून टाकली. साल १९६९.

वावोना ट्री कोसळलं तेच साल.

झाड पडल्याची हळहळ मला जागोजागी वाचायला मिळाली. पडलेल्या झाडाचीही कार्डं निघाली. त्या वस्तीचं छापील कार्ड मला आजवर मिळालेलं नाही. भाचाही शोधतो आहे.

एकदा नजर बसली की मग सगळीकडे दिसू लागतं. ग्लेशियर नॅशनल पार्कचं एक कार्ड माझ्याकडे आहे, पिसांचे मुकुट घातलेले ब्लॅकफीट लोक, मागे बर्फाचे डोंगर. ग्रेट नॉर्दर्न रेल्वेनं या लोकांना 'ग्लेशियर पार्क इंडियन्स' म्हणून जाहिरातीत मिरवलं. ते हॉटेलवर पाहुण्यांचं स्वागत करायचे. त्या डोंगरांचा पट्टा १८९५ च्या करारानं त्यांच्याकडून सरकारकडे गेला होता. त्यात शिकारीचा, मासेमारीचा, लाकूडफाट्याचा हक्क त्यांनी राखून ठेवला होता. १९१० मध्ये उद्यान झालं आणि त्या हक्कांचा वापर बंद पडला. व्हर्जिनियातली स्टेट पार्कची कार्डं बघा, तलाव, लाकडी केबिन, पोहणारी मुलं. त्या राज्यानं १५ जून १९३६ ला एकाच दिवशी सहा उद्यानं उघडली. काळ्या नागरिकांना ती खुली नव्हती. त्यांच्यासाठी वेगळं उद्यान झालं ते १९५० मध्ये, तेही कोर्टात दाद मागितल्यावर. कार्डावरच्या पोहणाऱ्या मुलांत गोरी मुलंच का आहेत, ते आता कळतं.

प्राण्यांचंही तेच. यलोस्टोनच्या कार्डांत मोटारीच्या खिडकीवर पंजे टेकून खाऊ मागणारं अस्वल हा आवडीचा विषय होता. त्या खाऊपायी माणसं जखमी झाली, अस्वलं मारावी लागली. १९७० च्या सुमारास कडक बंदी आली. कार्डात मात्र अस्वल अजून हसरं आहे.

हे वाचून कुणी म्हणेल, सर, तुम्ही आनंदाच्या छंदाचं सुतक केलंत. एका जुन्या संग्राहकानं मला जवळपास असंच ऐकवलं. त्यांचं म्हणणं, पोस्टकार्ड हे सुट्टीतलं सुख आहे, त्याच्यावर इतिहासाचं ओझं कशाला? मला वाटतं, हे ओझं आपण घालत नाही, ते कार्डाबरोबरच येतं. आणि ते माहीत झाल्यावर माझा आनंद कमी झाला नाही. यलोस्टोनच्या गरम झऱ्यांचं १९०५ च्या आसपासचं एक फिकट कार्ड आहे माझ्याकडे. ते मी आजही पावसाळ्याच्या दुपारी काढून बघत बसतो. फरक इतकाच की आता ते बघताना प्रश्नही पडतात.

चौकटीबाहेर राहणं काय असतं, हे मला अमेरिकेच्या इतिहासातून शिकावं लागलं नाही. एखाद्या कार्यक्रमात मराठीत बोलून खाली उतरलो की कुणीतरी हमखास म्हणतं, "तुमचं मराठी किती छान आहे हो!" कौतुक मनापासून असतं, म्हणून राग येत नाही. पण त्यांच्या मनातल्या महाराष्ट्राच्या चित्रात मी नव्हतो, एवढं समजतं. अहवानीची लोकांनी जे सोसलं त्याच्याशी मी याची बरोबरी करत नाही. मात्र 'या चित्रात कोण नाही?' हा प्रश्न मला परका वाटला नाही.

तो आपल्या जंगलांच्या चित्रांनाही विचारायला हवा. आपल्याकडच्या अभयारण्यांच्या कॅलेंडरांवर वाघ असतो, मोर असतो, धुक्यातलं तळं असतं. मेळघाटातून हलवलेल्या गावांतला कोरकू शेतकरी नसतो. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातले वारली पाडे नसतात. वाघ जगायलाच हवा. पण जंगल म्हणजे माणसाविना जागा, ही कल्पना आपल्या आजोबा-पणजोबांची नव्हती. ती पसरवण्यात अशा सुंदर चित्रांचाही हात आहे.

म्हणून जुनी कार्डं जमवणाऱ्यांना, किंवा ज्यांच्या घरी ती पडून आहेत त्यांना, माझा आग्रह आहे. कोरं, न लिहिलेलं कार्ड जास्त चांगलं, असं समजू नका. लिहिलेलं कार्ड जपा. तिकिटासाठी कोपरा कापू नका, त्याबरोबर शिक्का आणि तारीख जाते. लॅमिनेशन तर करूच नका, आणि नानीसारखं चौकटीत चिकटवूनही टाकू नका. आपल्या दमट हवेत बुरशी लवकर धरते, तेव्हा कार्डं कोरड्या जागी, सुट्या पाकिटांत ठेवा. फोटो काढून ठेवाल तर दोन्ही बाजूंचा काढा. आणि पैसे खर्च करायचे नसतील तरी हा छंद करता येतो. डेट्रॉइट कंपनीची चित्रं अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसनं सर्वांसाठी इंटरनेटवर ठेवली आहेत. कर्ट टाइकचा संग्रह शिकागोच्या न्यूबेरी लायब्ररीत आहे.

आणि ज्यांनी ती कार्डं वाचली, ती माणसं असेपर्यंत त्यांना विचारून घ्या. मी यात फार उशीर करत होतो.

नानांच्या कार्डाबद्दल अम्मीला विचारायला मी अकरा वर्षं टाळाटाळ केली. सॅन फ्रान्सिस्कोच्या बंदरापासून ते झाड सुमारे तीनशे किलोमीटर आत होतं. बोट बंदरात लागलेली असताना इंजिनरूममधला माणूस तिथवर जाऊन येणं कठीण. मग ती गोष्ट नानांनी रचली होती का? मेलेल्या माणसाला खोटं ठरवायचं धाडस होत नव्हतं. गेल्या रमजानमध्ये एका संध्याकाळी इफ्तारनंतर शेवटी कार्ड तिच्यासमोर ठेवलं आणि म्हटलं, "यात झाडाबद्दल काहीच नाही."

अम्मीनं चश्मा लावला, चार ओळी वाचल्या आणि हसायला लागली. ती तेव्हा चौथीत होती. घरात उर्दू वाचणारी ती एकटीच. नानीला अक्षर येत नव्हतं. अम्मीनं कार्ड वाचून दाखवलं, घर शाकारायचं सांगितलं, शाळेचं सांगितलं. वर्षभरानं आलेलं खत आणि चार ओळींत संपलं. नानी म्हणाली, "बस? एवढंच?" तिचं तोंड बघून अम्मीनं कार्ड उलटं केलं आणि पुढची बाजू वाचायला घेतली. झाड किती मोठं आहे, मोटार कुठली आहे, आत कोण बसलंय.

"मग नानीला शेवटपर्यंत खरं वाटत होतं?" मी विचारलं.

"कुणास ठाऊक," अम्मी म्हणाली. "नाना परत आले तेव्हा तिनं त्यांना विचारलंच नाही."

आता ते कार्ड पाकिटात आहे. सोबत पेन्सिलीनं लिहिलेली एक चिठ्ठी ठेवली आहे. तिच्यावर झाडाचं नाव, १८८१, १९६९, अहवानीचींच्या वस्तीबद्दल दोन ओळी, आणि खाली अम्मीचं नाव, इयत्ता चौथी.